आठ महिन्यांत अकरा ससे

गिथाइगा मास्तरांनी आमच्या गाकीरा गावाला ससे पाळायला लावलं, त्याला आता चार वर्षं होत आली. मास्तर म्हणजे शाळेत शेती शिकवून निवृत्त झालेला माणूस. कंपोस्टचा खड्डा किती खोल असावा हे गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी छडी हातात धरून शिकवलेलं, त्यामुळे ते बोलायला लागले की सगळे आपोआप गप्प बसून ऐकायचे. "बोकडाला वर्ष लागतं, सशाला तीन महिने," ते म्हणाले, "आणि जागा लागते चटईएवढी." सोबत नैरोबीच्या एका कंपनीचा कागद होता. नर-मादीची जोडी चार हजार शिलिंगला घ्यायची, आणि पुढे होतील तेवढे ससे कंपनी सहाशेला एक या भावाने परत नेणार. ऐंशी घरांत पिंजरे लागले. माझ्याही लागला.

मला सगळे वाहूची आई म्हणतात. कराटीनाच्या रस्त्याला लागून माझी चहाची टपरी आहे. त्यामुळे या गोष्टीतलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि जे पाठीमागे घडलं ते लोकांनी चहा पिता पिता मला सांगितलं.

कंपनीची गाडी दोनदा आली, ससे घेऊन गेली, पैसे देऊन गेली. तिसऱ्या खेपेला फोन नुसता वाजत राहिला. चौथ्या खेपेला वाजलासुद्धा नाही. ही बातमी सशांना मात्र कुणी दिली नाही. ते आपलं काम इमानाने करत राहिले. वर्षभरात गावात माणसं सहाशे आणि ससे चौदाशे झाले.

तुम्ही म्हणाल, मग खायचे. पण आमच्यात ससा म्हणजे पोरासोरांचं खाणं. गुरं राखायच्या वयात पोरं ससे पाळतात, रानात भाजून खातात, आणि मिसरूड फुटलं की विसरून जातात. मोठ्या माणसाने पाहुण्यापुढे ससा ठेवला तर पाहुणा विचारणार, "काय हो, बोकडाने राजीनामा दिला का?"

मास्तरांनी तरी हार मानली नाही. पशुधन खात्याच्या साहेबांकडे इतक्या खेपा घातल्या की त्यांच्या शिपायाने मास्तरांना लग्नाची पत्रिका दिली. शेवटी माझ्या टपरीच्या समोर खात्याने एक शेड बांधून दिली. आत पांढऱ्या फरशा, नळ, मोठा फ्रीज, बाहेर पाटी: 'गाकीरा ससेपालक सहकारी संस्था, ताजे मांस मिळेल.' साहेबांनी फीत कापली. सोबत आलेल्या माणसांसह नऊ ससे खाल्ले, छान म्हणाले, गेले. त्यानंतर आठ महिन्यांत दोन विकले गेले. एक एका पाद्र्याने नेला, आणि दुसरा एका ट्रकवाल्याने कोंबडी समजून.

शेडच्या शेजारीच कारुगाचं बोकडाच्या मटणाचं दुकान. त्याच्याकडे रोज तीन बोकड लटकायचे आणि संध्याकाळपर्यंत संपायचे. मास्तर शेडचं कुलूप काढायला आले की तो सुरी पुसत दारात यायचा. "काय मास्तर, गर्दी आवरत नसेल तर मला हाक मारा हं!"

मास्तर हसून घ्यायचे. पण हळूहळू त्यांनी रस्त्याने येणं सोडलं. चर्चला जायचं तर कॉफीच्या मळ्यातून मागच्या वाटेने जाऊ लागले. माझ्याकडे चहाला यायचे तेही थांबले. त्यांची बायको गाथोनी यायची, दोन तळलेल्या मांडाझी बांधून घ्यायची. "घरीच खातील ते," म्हणायची आणि माझ्याकडे न बघता पैसे मोजायची. ऐंशी घरांपैकी कुणीही मास्तरांना तोंडावर वाईट बोललं नव्हतं. तेच त्यांना जास्त लागलं होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

मग जुलै आला. आमच्याकडे जुलै म्हणजे धुकं, भुरभुर आणि हाडात शिरणारी थंडी. त्या महिन्यात साहेबांनी आपल्या कामाचा अहवाल कुठेतरी इंटरनेटवर टाकला. त्यात आमच्या शेडचा फोटो, आणि खाली ओळ: 'पूर्व आफ्रिकेतील सर्वांत मोठं ससे कत्तल केंद्र. दरमहा पाच हजार ससे.' गाकीरात तो कुणी वाचला नाही. नैरोबीत मात्र वाचला गेला.

गुरुवारी सकाळी दोन मटाटू गाड्या भरून माणसं आली. तीसेक पोरंपोरी, सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, अंगात पातळ जाकिटं आणि डोक्यावर गुलाबी कापडाचे लांब कान. मागून टीव्हीवाल्यांची गाडी. मी घाईघाईने दुसरं भांडं चुलीवर चढवलं आणि कुणालातरी मास्तरांकडे पिटाळलं, "सांग, सशांसाठी माणसं आलीत! गाड्या भरून!"

मास्तर कोट घालून, टाय बांधत बांधतच धावत आले. पुढे उभ्या असलेल्या मुलीचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. "या, या! किती दिवस वाट बघत होतो. बोला, किती हवेत?"

ती मुलगी नाफुला. संघटनेची पुढारी. उंच, आवाज खणखणीत. ती जराशी गोंधळली, पण मागे हटली नाही. "किती म्हणजे? सगळे."

"सगळे?" मास्तरांचा आवाज चिरका झाला. "सगळे चौदाशे?"

"सगळेच्या सगळे. एकही मागे ठेवून जाणार नाही आम्ही."

मास्तरांनी वळून बायकोकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. "गाथोनी, ऐकलंस? सगळे!"

तेवढ्यात मागच्या पोरांनी फलक उचलले आणि घोषणा सुरू झाल्या. "कत्तलखाना बंद करा! सशांचे मारेकरी, हाय हाय!" मास्तर तसेच उभे. ओठांवर हसू अजून तसंच, फक्त त्याला आता काही आधार उरला नव्हता. नाफुलाचे हात त्यांनी अलगद सोडले, जसं दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली की आपण परत ठेवतो तसे.

गावातली सगळ्यात म्हातारी, शोशो वांजुगू, काठी टेकत पुढे आली आणि एका फलकासमोर थांबली. तिला वाचता येत नाही. "काय लिहिलंय रे पोरा?"

"लिहिलंय, तुमच्या ताटात कुणाचं लेकरू आहे?"

"माझ्या ताटात कालचा गिथेरी आहे," शोशो म्हणाली. "मका आणि घेवडा. कुणाची लेकरं ती?"

टीव्हीवाल्याने माईक मास्तरांच्या तोंडाशी नेला. "महिन्याला पाच हजार ससे कापता, म्हणजे दिवसाला किती?" नाफुलाने मोबाइल उंच धरला होता. साहेबांचा फोटो, साहेबांचा आकडा.

मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर निदान त्या दिवसापुरता अख्ख्या देशाने मानलं असतं की गाकीराचा धंदा धडाक्यात चाललाय. कारुगा आपल्या दारात हाताची घडी घालून उभा होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, टाय सारखा केला.

"दिवसाला नाही हो," ते म्हणाले. "आठ महिन्यांत अकरा. त्यातले नऊ उद्घाटनाला साहेब आणि त्यांची माणसं खाऊन गेली."

मग कारुगा हसला. मग बंदोबस्ताला आलेले दोन पोलीस हसले. मग मी हसले, देव मला क्षमा करो, आणि चहा नाकात गेला.

"खोटं!" नाफुला ओरडली. "हे लपवताहेत!"

"लपवतोय?" मास्तर म्हणाले. "अगं पोरी, आठ महिने मी ते विकायला बघतोय!"

तिला ते पटलं नाही. कत्तलखाना बंद केल्याचं लेखी मिळेपर्यंत हलणार नाही, असं सांगून ती मंडळी शेडच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसली. आणि मास्तर? ते सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. पाच महिन्यांनी. बाकावर बसले आणि म्हणाले, "वाहूची आई, चहा दे. मोठ्या कपात." लोक अजून हसत होते, पण मास्तरसुद्धा हसत होते. पोटातली कळ निघून गेलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

दुपारी पोरं कुडकुडत चहाला आली. मी दूध उकळायला ठेवलं तर एकजण म्हणाला, "दूध नको."

"का रे, पोट बिघडलंय?"

"दूध वासराचं असतं, आई."

"मला सांगतोस? वासराचं पिऊन झालं की उरतं ते मी आणते."

पण नकोच म्हणाले. मग मी आलं घालून कोरा चहा केला. भाव तोच ठेवला. तीस वर्षांची सवय मोडून दूध न घालायलाही कष्ट पडतात. संध्याकाळच्या आत गावातल्या बायकांनी त्यांना घोंगड्या आणून दिल्या. शिव्या देणारी असली तरी थंडीत बसलेली लेकरं ती. चर्चने आपलं सभागृह झोपायला उघडून दिलं.

या सगळ्यात राग आला तो फक्त कारुगाला. शुक्रवारी सकाळी तो तरातरा नाफुलाकडे गेला. "काय गं, माझ्याकडे रोज तीन बोकड लटकतात, ते दिसत नाहीत? त्यांना आई नव्हती? या सशांनी काय असं सोनं हगलंय?"

नाफुलाने शांतपणे वही उघडली. "तुमचं नाव यादीत आहे. ऑक्टोबरमध्ये."

"नक्की?"

"नक्की."

"टीव्हीवाल्यांसकट?"

"त्यांच्यासकट."

कारुगा निवळला. त्याच दुपारी त्याने दुकानाची पाटी नव्याने रंगवायला काढली.

गुरुवारी टीव्हीवर दिसल्यामुळे परदेशातल्या कनवाळू लोकांनी संघटनेला पैसे पाठवायला सुरुवात केली होती. तेव्हा नाफुलाने सशांची सुटका पैसे देऊन करायची ठरवली. आठशेला एक. पहिल्या दिवशी तिने बारा ससे घेतले. कॉफीच्या मळ्याच्या कडेला नेऊन, टीव्हीसमोर, पिंजऱ्याचं दार उघडलं. "जा! तुम्ही मुक्त आहात!"

ससे बसून राहिले. पांढरे, गुबगुबीत, पिंजऱ्यात जन्मलेले. एकाने जांभई दिली. पोरांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. शेवटी बाराच्या बारा रांगेने निघाले आणि थेट शोशो वांजुगूच्या सुकुमाच्या, म्हणजे पालेभाजीच्या, वाफ्यात शिरले. शोशो काठी घेऊन धावली, नातसुनेला हाका मारल्या, अर्ध्या तासात सगळे ससे पोत्यात भरून नाफुलापुढे हजर. "घे. बारा आहेत. आठशेने."

नाफुला वाकून बघायला लागली. "शोशो, हे ओळखीचे वाटताहेत."

"पांढरे ससे सगळे सारखेच दिसतात गं बाई."

त्यानंतर सोडून द्यायचा विचार सुटला. वाचवलेले ससे ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. गावात कोरडी, कुत्रं शिरणार नाही अशी एकच रिकामी इमारत होती. मास्तरांनी स्वतःच किल्ली दिली. शनिवारी सकाळी कत्तलखान्याच्या पांढऱ्या फरशीवर चाळीस ससे कोबीची पानं खात बसले होते आणि गुलाबी कान घातलेली पोरं त्यांच्या लेंड्या झाडत होती.

पण आठशेचा भाव गावाला कळला होता. शनिवारी दुपारपर्यंत पलीकडच्या डोंगरावरची माणसं पोती घेऊन यायला लागली. ज्यांनी कंटाळून नर-मादी वेगळे केले होते त्यांनी पुन्हा एकत्र सोडले. कारुगाने कुणाकुणाकडून पाचशेने उचलून तीन पेट्या जमा केल्या आणि दुकानात बोकडांच्या खाली लावून ठेवल्या. "मी सशांचा जीव वाचवतोय," तो पोलिसांना सांगत होता. मीसुद्धा माझ्या पिंजऱ्यापुढे उभी राहून बोटं मोजत होते, खोटं कशाला बोलू.

मास्तर टपरीच्या बाकावरून हे बघत होते. "वाहूची आई," ते मला म्हणाले, "कंपनी आली होती तेव्हा लोकांचे डोळे असेच झाले होते. तेव्हा मला ते छान वाटलं होतं."

रविवारी चर्च सुटल्यावर ते शेडपाशी गेले. नाफुला दारात बसली होती, दोन रात्री नीट झोप नसल्यासारखी. आत रात्री मोजले होते त्यापेक्षा त्या सकाळी सात ससे जास्त निघाले होते. कोपऱ्यातल्या मादीने आपल्या पोटाचे केस उपटून गादी केली होती आणि त्यात सात गुलाबी पिल्लं वळवळत होती.

"अभिनंदन," मास्तर म्हणाले. तिला ती थट्टा आहे की काय ते कळेना. मास्तरांनी कोटाच्या खिशातून खडू काढला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण खिशात खडू असतोच. शेडच्या दारावर त्यांनी लिहायला सुरुवात केली. "एक मादी. वर्षाला पाच वेतं धर. वेताला सात."

"पस्तीस," नाफुला म्हणाली.

"त्यातल्या निम्म्या माद्या. सहा महिन्यांनी त्याही लागतात कामाला. मांड बघू गणित."

तिने खडू घेतला. लिहिता लिहिता तिचा हात हळू झाला, मग थांबला.

"बघ, तू मनाने चांगली आहेस," मास्तर म्हणाले. "पण तू आठशेने घेत राहिलीस तर लोक आठशेसाठी पैदा करत राहतील. जगात सशांचं एवढं मोठं गिऱ्हाईक आम्हाला कधी मिळालं नव्हतं. तू फक्त खात नाहीस, एवढंच."

नाफुलाने डोक्यावरचे कान काढून मांडीवर ठेवले. "मग मी काय करू, म्वालिमू?" आमच्याकडे गुरुजींना असंच म्हणतात, पण ती पहिल्यांदा म्हणाली.

"ते मला माहीत असतं तर मी पाच महिने कॉफीच्या झुडपांतून लपतछपत फिरलो असतो का? चल, जेवायला चल. गाथोनीने दूध-लोणी न घालता रांधलंय तुझ्यासाठी. सकाळपासून कुरकुरतेय."

त्या जेवणाला मीही होते. बटाटा-मका कुस्करून केलेला वाफाळता मुकिमो, उसळ, आणि सुकुमाची भाजी, हिरवीगार. नाफुलाने भाजीचं एक पान काट्यावर उचलून उजेडात धरलं. "एक भोक नाही की डाग नाही! नैरोबीत शनिवारच्या बाजारात अशी विषमुक्त भाजी चौपट भावाने जाते. तरी तिला किडीची भोकं असतात. आई, तुम्ही यावर काय मारता?"

गाथोनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं.

"आधी जेवून घे," गाथोनी म्हणाली.

"सांगा ना. दुकानातलं औषध?"

"जेवून घे म्हटलं ना, मुली."

मला राहवेना. "सशाचं मूत," मी म्हटलं.

नाफुलाचा घास तोंडात तसाच राहिला. मास्तर घाईघाईने समजावू लागले. पिंजऱ्याखाली उतरता पत्रा लावायचा, डबा ठेवायचा, आठ दिवस मुरू द्यायचं, मग एकास दहा पाणी घालून फवारायचं. मावा पळतो, पीक जोर धरतं. सुरुवातीपासून ते आपल्या परसात हेच करत होते. "पण मांसाचा धंदा काढणाऱ्या माणसाने लोकांना मुताचं काय सांगायचं?" ते म्हणाले. "आधीच काय कमी हसत होते?"

नाफुलाने घास गिळला. मग भाजीचं भांडं आपल्याकडे ओढलं आणि आणखी वाढून घेतली.

सोमवारी तिच्या मंडळींची शेडमध्ये गोल बसून चर्चा झाली. दोन तास चालली. चष्मा लावलेला एक मुलगा फार चिकाटीचा होता. मूत हे सशाच्या शरीराचं आहे, ते घेताना त्याची संमती कुठे आहे, असं त्याचं म्हणणं. दाराशी बसून ऐकणाऱ्या शोशोला शेवटी कंटाळा आला. "अरे, विचारा की त्याला, परत हवंय का म्हणून!" पोरं हसली, आणि चष्मेवालाही हसला. मग ठरलं की जे आपोआप पडतं ते घ्यायला हरकत नाही.

मंगळवारी चर्चच्या पटांगणात सगळ्या सभासदांची बैठक भरली. त्याच सकाळी टीव्ही बघून नान्युकीच्या एका हॉटेलाचा फोन आला होता. आठवड्याला दहा ससे, साफ करून, पोचते करून, साडेचारशेला एक, पैसे दोन महिन्यांनी. पुरुष खूश झाले. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते गिऱ्हाईक दारात आलं होतं.

तेव्हा गाथोनी उठली. ती सभेत कधी बोलत नाही. "मी पिंजरा झाडते म्हणून मला माहीत आहे," ती म्हणाली. "ससा मांसाला वाढवायचा तर तीन महिन्यांत त्याच्या पोटात चारशे-साडेचारशेचा खुराक जातो. तो साडेचारशेला विकायचा, वर नान्युकीचं भाडं आपलं. म्हणजे आपण हॉटेलवाल्यांच्या पाहुण्यांना फुकट जेवू घालायचं. आणि हाच ससा गवतावर ठेवला, जिवंत ठेवला, तर आठवड्याला लिटरभर देतो. नाफुला म्हणते, नैरोबीजवळचे भाजीवाले लिटरला ऐंशी द्यायला तयार आहेत. गवत बांधावर उगवतं. आता तुम्ही ठरवा. पण नर आणि माद्या वेगळ्या करा, देवासाठी. माझी कंबर गेली."

करुणेला पाच दिवसांत जे साधलं नव्हतं ते गाथोनीच्या बेरजेने अर्ध्या तासात केलं. ऐंशी घरांपैकी एकाहत्तर हात वर गेले. शोशोने हात वर केला नाही. "माझा ससा, माझे दात," ती म्हणाली. "तीनच उरलेत, पण माझे आहेत. मला वाटेल तेव्हा मी खाईन." तिला कुणी अडवलं नाही. नाफुलानेही नाही.

बुधवारी मंडळी परत निघाली. संघटनेने जाहीर केलं की पूर्व आफ्रिकेतला सगळ्यात मोठा ससे कत्तलखाना लढा देऊन बंद पाडला. साहेबांनी जाहीर केलं की खात्याच्या दूरदृष्टीमुळे गाकीरात नवा उद्योग उभा राहिला. मास्तर दोन्ही बातम्या माझ्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोन्हींना सारखीच मान डोलवायचे. शेडची जुनी पाटी उतरली. पांढऱ्या फरशा, नळ आणि उतरती मोरी आता बाटल्या भरायला कामी आल्या. फ्रीज चर्चला दिला. साहेब पुन्हा फीत कापायला आले होते, पण या वेळी खायला काही नव्हतं आणि वास होता, म्हणून भाषण आटोपशीर झालं.

ऑक्टोबरमध्ये कारुगाच्या दुकानासमोर निदर्शनं झाली. नाफुलाने शब्द पाळला. तो नवी टोपी घालून उभा राहिला आणि दर अर्ध्या तासाने त्यांना पाणी नेऊन देत होता. त्या दिवशी त्याचे पाच बोकड संपले. घोषणा देऊन दमलेली पोरं माझ्याकडे आली आणि गाथोनीची सुकुमा जुड्यांनी बांधून घेऊन गेली.

श्रीमंत कुणी झालं नाही. पण दर महिन्याला घरटी थोडेफार पैसे येतात, आणि ते येतात म्हणजे येतातच. माझ्या टपरीला पत्र्याचं नवं छप्पर झालं. मास्तर रस्त्याने चालतात. भेटेल तो त्यांना थांबवून विचारतो, मिरचीला किती, बटाट्याला किती, आणि ते उभ्या उभ्या तास घेतात.

परवाच्या शनिवारची गोष्ट. नैरोबीचा मटाटू माझ्या टपरीपुढे थांबला. मास्तर कोट घालून, पाच मोठे डबे आणि एक खोका बाटल्या घेऊन तयार. कंडक्टर नवीन होता. त्याने नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे आजोबा? हे माणसांचं वाहन आहे!"

"झाकण घट्ट आहे रे."

"वास झाकणाला विचारून येतो का? दुप्पट भाडं पडेल. आणि डबे टपावर."

"टपावर नको, उन्हाने फुगतात. दुप्पट घे, पण पायाशी ठेवू दे."

आतली माणसं ओरडायला लागली. एक बाई म्हणाली, कुणी म्हातारं आजारी आहे का आत. मास्तर शांतपणे डबे एकेक करून लावत होते आणि प्रत्येकाला सांगत होते की हे काय आहे आणि याने माव्याचं काय होतं. गाडी सुरू झाली तरी कंडक्टर दारातच लोंबकळत होता. तो जरा वाकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आजोबा, टोमॅटोला चालतं का हो? माझ्या आईचे टोमॅटो पांढऱ्या माशीने पार खाल्लेत."

मास्तरांनी खोक्यातून एक बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती रुमालात गुंडाळून जाकिटाच्या आत घातली. गाडीने वेग घेतला, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मास्तरांचं डोकं खिडकीबाहेर होतं, पुढच्या दारातल्या कंडक्टरला ओरडून सांगत होतं, "एकास दहा पाणी! जास्त कडक करू नकोस, पानं करपतील! आणि सकाळीच मार, उन्हात नाही!"